एकच पॅकेज, प्रत्येक ठिकाणी वेगळे पत्ते : सर्व्हिस बस नव्या जागी नेण्याच्या प्रश्नाचा आढावा

केडगाव नावाची दोन गावे आपल्या शेजारशेजारच्या जिल्ह्यांत आहेत. एक आमचे: नगर शहराला लागून पुणे रस्त्यावर वसलेले, रेणुकामातेच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे, आता महापालिकेच्या हद्दीतले. त्याचा पिनकोड 414005. दुसरे पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे. त्याचा पिनकोड 412203. पोस्टमनला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पण एका संगणक प्रणालीकडून दुसरीकडे जाणाऱ्या संदेशात नुसते ‘केडगाव’ असेल, तर तो कुणाकडे पोहोचवायचा हे आधीच कुठेतरी लिहून ठेवावे लागते. ते प्रोग्रॅमच्या पोटात लिहिले आहे की बाहेर वेगळ्या फाइलीत, यावर त्या प्रणालीचे पुढचे बरेच काही अवलंबून असते.

ऑक्टोबर 2024 मध्ये अहमदनगर जिल्हा अधिकृतपणे अहिल्यानगर झाला. 31 मे 2023 रोजी चौंडीत घोषणा झाली होती, मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, मग केंद्राची संमती आणि अधिसूचना. नाव बदलले, पण केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला जिल्ह्याचा क्रमांक 466 तोच राहिला. गाड्यांच्या पाट्यांवरचे एमएच 16 ही तेच राहिले. संदेशाची वाट 466 पाहून ठरत असेल, तर नावांच्या तक्त्यातली एक ओळ बदलली की काम संपले. ‘अहमदनगर’ हा शब्दच प्रोग्रॅमच्या अटीत लिहून ठेवला असेल, तर प्रोग्रॅम उघडा, बदला, पुन्हा बांधा, पुन्हा तपासा, पुन्हा सगळीकडे चढवा, हे सगळे आले.

क्रमांकांवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात 2017 मध्ये ‘महाराज’ आले आणि रेल्वेचा स्टेशन कोड सीएसटीएमचा सीएसएमटी झाला. सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने आयएफएससी कोड 1 जुलै 2021 पासून बंद झाले. अकरा अक्षरांच्या या कोडची पहिली चार अक्षरे बँकेची असतात. ती एखाद्या प्रोग्रॅमने गृहीत धरली असतील, तर त्या सकाळी त्या खात्यांचे पैसे अडकणारच. म्हणून बदलू शकणारी प्रत्येक गोष्ट प्रोग्रॅमच्या बाहेर काढावी लागते. पण बाहेर म्हणजे नेमकी कुठे, कोणाच्या ताब्यात, आणि नव्या जागी नेताना ती बरोबर भरली गेली याची खात्री कशी करायची? गेली वीस-बावीस वर्षे एंटरप्राइज सर्व्हिस बसवर काम करणारे लोक याच प्रश्नाशी झगडत आहेत.

सर्व्हिस बसचे काम मध्यस्थाचे आहे. एखाद्या बँकेत कोअर बँकिंग, एसएमएस, बिल भरणा, कर्जखाते आणि शासकीय पोर्टल अशा दहा प्रणाली असतील आणि प्रत्येकीने दुसऱ्या प्रत्येकीशी थेट बोलायचे ठरवले, तर जोडण्या होतात 45. बस मध्ये ठेवली की प्रत्येकीने फक्त बसशी जोडून घ्यायचे. संदेशाचे रूप बदलणे, वाट ठरवणे, पलीकडची प्रणाली बंद असेल तर संदेश सांभाळून ठेवणे आणि पुन्हा पाठवणे ही कामे बस करते. गार्टनरच्या रॉय शुल्ट यांनी 2002 च्या सुमारास या प्रकाराला हे नाव दिले आणि डेव्हिड चॅपेल यांच्या 2004 च्या पुस्तकाने ते रुळवले. कल्पना मात्र त्याआधीची आहे आणि तिच्यात एका मुंबईकराचा मोठा वाटा आहे. विवेक रणदिवे यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेत टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स उभी केली. शेअर दलालांच्या टेबलांवर वेगवेगळ्या पडद्यांवरून येणारी माहिती एकाच वाहिनीवरून फिरवायची, ही त्यांची ‘इन्फर्मेशन बस’. 1994 मध्ये ती कंपनी रॉयटर्सने घेतली आणि 1997 मध्ये तिच्यातून टिबको सॉफ्टवेअर उभी राहिली. टिबको या नावातच ती इन्फर्मेशन बस आहे. पुण्यातल्या अनेक मराठी अभियंत्यांनी बस पहिल्यांदा हाताळली ती याच कंपनीच्या बिझनेसवर्क्सवर. आमच्या केडगावातून पुण्याच्या आयटी कंपन्यांत गेलेल्या मुलामुलींशी बोलताना आजही हे नाव निघते.

बसवरचा कोणताही प्रवाह चालायला बाहेरची काही साधने लागतात. पलीकडच्या सेवेचा पत्ता म्हणजे एंडपॉइंट, डेटाबेसची जोडणी, संदेशांच्या रांगा म्हणजे क्यू, फाइली ठेवायचे फोल्डर, पासवर्ड, सर्टिफिकेट, काम किती वाजता सुरू करायचे ते वेळापत्रक, उत्तराची किती सेकंद वाट पाहायची, अपयश आले तर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर यांची मूल्ये एक असतात, चाचणीच्या सर्व्हरवर दुसरी, ग्राहक तपासून पाहतो त्या यूएटीवर तिसरी, प्रॉडक्शनमध्ये चौथी आणि आपत्कालीन डीआर केंद्रात पाचवी. प्रोग्रॅम तोच, मूल्ये वेगळी.

पत्ते आणि पासवर्ड बदलायचे असतात हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून ते सहसा निसटत नाहीत. निसटतात त्या न लिहिलेल्या गोष्टी. वेळेचेच घ्या. रात्री 12 वाजता चालवायचे काम क्लाऊडमधल्या नव्या सर्व्हरवर नेले आणि त्या सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल, तर ते काम आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते. दिवसअखेरचा हिशेब तोवर संपलेला असेल, तर त्या दिवसाच्या नोंदी दुसऱ्या तारखेला पडतात. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल 2022 मध्ये जे निर्देश काढले त्यात लॉग 180 दिवस देशात जपून ठेवणे आणि सर्व्हरची घड्याळे एनआयसी किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या वेळेशी जुळवणे बंधनकारक केले. म्हणजे वेळ आणि लॉगची मुदत या दोन्ही गोष्टी आता नव्या जागी भरायच्या मूल्यांच्या यादीत अधिकृतपणे आल्या आहेत. तरीही पत्ते-पासवर्डांच्या तक्त्यात वेळेचा रकाना सहसा नसतो.

दुसरी गोष्ट थेट आपल्या लिपीची. जावावर चालणारी बस फाइल वाचताना अक्षरांची कोणती पद्धत धरायची हे स्पष्ट सांगितले नसेल, तर ती सर्व्हरच्या मूळ मांडणीवर विसंबते. लॅपटॉपवर यूटीएफ-8 असते, सगळे छान दिसते. नवा सर्व्हर जुन्या रोमन पद्धतीवर उभा असेल, तर ‘केडगाव’ लिहून ठेवताना त्याची सहा प्रश्नचिन्हे होतात: क, एकाराची मात्रा, ड, ग, काना, व, प्रत्येकाला एक. त्रुटीचा संदेश येत नाही, संदेश यशस्वी म्हणून नोंदला जातो आणि नाव कायमचे जाते. मार्च 2022 मध्ये आलेल्या जावा 18 पासून यूटीएफ-8 हीच मूळ मांडणी झाली, पण सहकारी संस्थांत आणि सरकारी कार्यालयांत त्याहून जुने जावा आजही चालते. इंग्रजी नावांनी चाचणी करणाऱ्या चमूला हा दोष कधीच दिसत नाही. मराठी नावे असलेला नमुना चाचणीत हवाच, असा आग्रह महाराष्ट्रातल्या प्रत्येक संस्थेने धरला पाहिजे.

विंडोजवर लिहिलेला फाइलीचा मार्ग लिनक्सवर चालत नाही. विंडोज लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स करते. पलीकडच्या संस्थेच्या फायरवॉलने आपला जुना आयपी ओळखलेला असतो, नवा नाही, आणि त्याची परवानगी मिळायला लागणारे दिवस कुठल्याच वेळापत्रकात धरलेले नसतात.

आता निरनिराळ्या उत्पादनांनी यावर काय केले ते पाहू. टिबको बिझनेसवर्क्सच्या पाचव्या पिढीत बदलणारी मूल्ये ‘ग्लोबल व्हेरिएबल’ म्हणून ठेवत. सगळा प्रकल्प एका ईएआर फाइलीत बांधला जाई आणि प्रत्येक ठिकाणी ॲडमिनिस्ट्रेटरमधून किंवा ॲपमॅनेज या कमांडने मूल्ये भरली जात. ॲपमॅनेजने ईएआरमधून एक एक्सएमएल फाइल बाहेर काढायची, तीत त्या ठिकाणची मूल्ये लिहायची आणि ती लावून प्रकल्प सर्व्हरवर चढवायचा, म्हणजे डिप्लॉय करायचा. पद्धत उत्तम, पण एक खोच होती. प्रत्येक व्हेरिएबलसमोर ‘डिप्लॉयमेंटच्या वेळी बदलता येईल’ अशी टिक करायची चौकट असे. ती टिक करायची राहून गेली, तर ते व्हेरिएबल ॲडमिनिस्ट्रेटरच्या पडद्यावर दिसतच नसे आणि प्रोग्रॅमरने आपल्या यंत्रावर दिलेले मूल्य ईएआरमध्ये तसेच बसून राही. प्रॉडक्शन मुकाट्याने चाचणीच्या डेटाबेसशी बोलू लागे. दिसणाऱ्या यादीतले सगळे बरोबर भरले होते, चूक न दिसणाऱ्या ओळीत होती. सहाव्या पिढीत याच कामाला मॉड्यूल प्रॉपर्टी आणि प्रोफाइल आले. कंटेनरमध्ये चालवताना कोणते प्रोफाइल घ्यायचे हे एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने सांगतात.

ओरॅकल सर्व्हिस बसने, जी 2005 मध्ये बीईएची अ‍ॅक्वालॉजिक म्हणून जन्मली आणि 2008 मध्ये ओरॅकलकडे आली, वेगळा मार्ग धरला. तिथे सगळी रचना एका जारमध्ये बाहेर काढतात आणि नव्या ठिकाणी आत घेताना सोबत ‘कस्टमायझेशन फाइल’ देतात. कोणत्या सेवेचा कोणता पत्ता कशाने बदलायचा हे तीत लिहिलेले असते. त्याशिवाय शोधा-आणि-बदला अशीही सोय आहे. ती सोपी वाटते म्हणून लोक तिच्याकडे वळतात, आणि तिच्यातच धोका आहे. 10.1.1.5 च्या जागी 10.2.1.5 घालायचे सांगितले, तर मजकूर म्हणून शोधताना 10.1.1.50 मधलाही तेवढा तुकडा सापडतो आणि एका भलत्याच सर्व्हरचा पत्ता बिघडतो. या उत्पादनाची मला सर्वात आवडलेली गोष्ट आयात करतानाच्या पर्यायांत आहे. पत्त्यांसारखी मूल्ये, सुरक्षेची धोरणे, आणि सेवा चालू-बंद किंवा किती भार घ्यायचा अशी चालवण्यातली मूल्ये यांना वेगवेगळे धरून, नव्या जागेतली आधीची मूल्ये जशीच्या तशी ठेवायची का, असे ते विचारते. म्हणजे या तीन प्रकारच्या मूल्यांचे मालक वेगळे असू शकतात हे उत्पादनाने ओळखले आहे: पत्ते पायाभूत सुविधा सांभाळणाऱ्यांचे, धोरणे सुरक्षेच्या चमूची, चालू-बंद रात्रपाळीवर बसलेल्या माणसाचे. बहुतेक संस्था मात्र तिन्ही एकाच फाइलीत, एकाच माणसाच्या हाती देतात.

आयबीएमच्या इंटिग्रेशन बसमध्ये बार फाइल बांधतात आणि ओव्हरराइडची साधी प्रॉपर्टीज फाइल लावून तिची मूल्ये बदलतात. बदललेली बार ही नवी फाइल असते, म्हणून मूळ बार आणि ओव्हरराइड फाइल दोन्ही जपली नाहीत, तर सहा महिन्यांनी प्रॉडक्शनमध्ये नक्की काय चालले आहे हे कोणी सांगू शकत नाही. पुढच्या ॲप कनेक्ट एंटरप्राइजमध्ये ‘पॉलिसी’ नावाची स्वतंत्र साधने आली आणि जोडणीची माहिती प्रवाहातून बरीचशी सुटली. मायक्रोसॉफ्टच्या बिझटॉकमध्ये हे काम बाइंडिंग फाइल करते. एसएपीच्या पीआयमध्ये एका ठिकाणची प्रणाली दुसऱ्या ठिकाणच्या कोणत्या प्रणालीच्या जागी धरायची याची जोडी आधी एका मध्यवर्ती नोंदवहीत लावून ठेवतात आणि ट्रान्सपोर्ट करताना ती आपोआप लागू होते. शिस्तीच्या दृष्टीने एसएपीची कल्पना मला सर्वात पक्की वाटते, कारण तिथे दर वेळी मूल्य भरायचे नसते, नाते एकदाच लिहून ठेवायचे असते.

मुक्त स्रोतातल्या बस पुढे वेगळ्या दिशेने गेल्या. 2005 मध्ये श्रीलंकेत संजीव वीरवरणा यांनी स्थापलेल्या डब्ल्यूएसओ2 च्या बसवर रुळलेली चांगली प्रथा अशी: प्रवाहांचे तर्क एका कार फाइलीत ठेवायचे आणि एंडपॉइंट, डेटाबेस जोडणी अशी त्या-त्या ठिकाणची साधने दुसऱ्या कार फाइलीत. पहिली सगळीकडे तीच, दुसरी प्रत्येक ठिकाणी वेगळी. त्यात क्रम सांभाळावा लागतो. साधनांची फाइल आधी चढली पाहिजे, नाहीतर तर्काची फाइल जे शोधते ते तिला सापडत नाही. नंतरच्या आवृत्त्यांत थेट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून मूल्य घेण्याची सोय आली आणि दुसऱ्या फाइलीची गरज बरीच कमी झाली. म्यूलमध्ये प्रत्येक ठिकाणासाठी एक याम्ल फाइल ठेवतात आणि सुरू करताना कोणती वाचायची ते सांगतात. या फाइली बऱ्याचदा पॅकेजच्या आतच असतात, म्हणजे प्रॉडक्शनचे पत्ते प्रत्येक प्रोग्रॅमरच्या यंत्रावर पोहोचतात. गुप्त मूल्ये कूटबद्ध करून ठेवता येतात आणि उलगडण्याची किल्ली चालू करताना बाहेरून देता येते, हे खरे. तरीही प्रॉडक्शनची फाइल पॅकेजमध्ये असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवा पत्ता आला की पॅकेज पुन्हा बांधावे लागते, आणि पुन्हा बांधलेले पॅकेज म्हणजे चाचणीत उत्तीर्ण झालेले पॅकेज नव्हे.

हाच विचार 2011 मध्ये हेरोकूच्या ॲडम विगिन्स यांनी मांडलेल्या बारा सूत्रांत आहे: कॉन्फिगरेशन प्रोग्रॅममध्ये ठेवायचे नाही, ते चालवण्याच्या जागेकडून यावे. 2014 मध्ये कुबेरनेटिस आले आणि कॉन्फिगमॅप व सीक्रेट या रूपाने तो विचार पायाभूत सुविधेतच उतरला. पण तिथेही अडचणी उरल्या. सीक्रेटमधले मूल्य बेस64 मध्ये असते. ते कूट नव्हे, दुसऱ्या रूपात लिहिलेला तोच मजकूर आहे, कोणीही क्षणात वाचू शकतो. कॉन्फिगमॅप फाइल म्हणून जोडला असेल, तर बदल काही वेळाने आत पोहोचतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून दिला असेल, तर पॉड, म्हणजे प्रवाहाची चालू प्रत, पुन्हा सुरू होईपर्यंत जुनेच मूल्य चालत राहते. म्हणजे एकाच प्रवाहाच्या दोन प्रती काही काळ दोन वेगळ्या पत्त्यांवर बोलत असू शकतात.

सगळ्या प्रती सारख्या नसण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे 1 ऑगस्ट 2012 रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसले. नाइट कॅपिटल या दलाली संस्थेने आठपैकी सात सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम चढवला. एका सर्व्हरवर चढवायचा राहिला. नव्या प्रोग्रॅमने पूर्वीचाच एक फ्लॅग वेगळ्या अर्थाने वापरला होता. तो चालू केल्यावर राहून गेलेल्या सर्व्हरवर वर्षानुवर्षे पडून असलेला जुना तर्क जागा झाला आणि भलत्याच ऑर्डरी बाजारात सोडू लागला. सुमारे 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला आणि कंपनी स्वतंत्र राहू शकली नाही. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये सुमारे 50 लाख ग्राहकांचा डेटा नव्या प्रणालीवर नेला, आणि त्यांतल्या 19 लाखांना पुढचे काही दिवस ऑनलाइन खाते उघडता येईना. बँकेने नेमलेल्या स्लॉटर अँड मे या वकील संस्थेच्या अहवालातली एक नोंद प्रत्येकाने वाचावी अशी आहे: दोन डेटा सेंटर्स एकाच वेळी चालणार होती, पण महत्त्वाच्या चाचण्या एकाच सेंटरवर झाल्या, आणि दुसरे सेंटर पहिल्यासारखेच मांडलेले नव्हते. डिसेंबर 2022 मध्ये नियामकांनी बँकेला 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंडांचा दंड केला. दोन्ही प्रकरणांत प्रोग्रॅम लिहिताना जेवढी काळजी घेतली गेली, तेवढी तो नव्या जागी नीट बसला का हे पाहताना घेतली गेली नाही.

यावर उपाय सांगितला जातो तो पूर्वतपासणीचा, आणि मला तो या सगळ्या आढाव्यातला सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित उपाय वाटतो. प्रवाह सुरू करण्याआधी एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा. प्रत्येक मूल्य भरले आहे का, प्रत्येक पत्त्याचे दार उघडते का, डेटाबेस आपण समजतो तोच आहे का, सर्टिफिकेट किती दिवस उरले आहे, घड्याळ कोणत्या वेळेवर आहे, ‘केडगाव’ लिहून पुन्हा वाचल्यावर ‘केडगाव’च येते का, हे त्याने पाहायचे. एकही उत्तर चुकले तर बस सुरूच होऊ द्यायची नाही. मूल्य नसेल तर गुपचूप मूळचे मूल्य घेण्याची सवय पुष्कळ उत्पादनांत आहे. ती बंद करता येत असेल तिथे बंद करावी. रात्री डिप्लॉय करताना थांबलेली बस सकाळी चुकीच्या खात्यात गेलेल्या पैशापेक्षा कितीतरी बरी.

पासवर्डांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे चूक फक्त आतल्यांची राहत नाही. उबरच्या 2016 च्या प्रकरणात 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली, ती प्रोग्रॅमच्या खासगी साठ्यात ठेवलेल्या किल्ल्या घुसखोरांच्या हाती लागल्यामुळे. टिबकोच्या जुन्या फाइलींत पासवर्डाच्या मूल्याआधी हॅश आणि उद्गारचिन्ह दिसते. ते पाहून लोक निर्धास्त होतात, पण ते झाकणे आहे, कुलूप नव्हे. 2015 नंतर हॅशीकॉर्पच्या व्हॉल्टसारख्या तिजोऱ्या आल्या. मोठ्या बँकांत त्या रुजल्या, जिल्ह्याच्या पातळीवर अजून नाहीत. सर्टिफिकेटांच्या बाबतीत तर वेळच उरलेला नाही. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत 2020 पासून 398 दिवस होती. एप्रिल 2025 मध्ये ठरले की ती 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 पासून 100 आणि 15 मार्च 2029 पासून फक्त 47 दिवस असेल. वर्षातून एकदा डायरीत नोंद पाहून सर्टिफिकेट हाताने बदलणाऱ्या संस्थेला हे आठ वेळा करावे लागेल, तेही प्रत्येक ठिकाणी. हे काम स्वयंचलित करण्यावाचून पर्याय नाही.

या विषयाचे एक मोठे उदाहरण सरकारी आहे. राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेखाली 2008 मध्ये नॅशनल सर्व्हिस डिलिव्हरी गेटवे सुरू झाला. तो सी-डॅकच्या मुंबई केंद्राने बांधला. त्याच धर्तीवर राज्यांसाठी स्टेट सर्व्हिस डिलिव्हरी गेटवे आखले गेले. अर्ज भरणारे पोर्टल एका बाजूला, दाखला देणारे खाते दुसऱ्या बाजूला, मध्ये गेटवे: काम बसचेच. या आखणीत संदेशाचे स्वरूप आणि गेटवेंमधला संवाद यांचे देशभरासाठी एकच मानक ठरवले होते, आणि ती दूरदृष्टी होती. पण मानक संदेशाचे असते. एखाद्या राज्याच्या डेटा सेंटरमध्ये कोणत्या खात्याचा पत्ता काय, त्या जोडणीचे सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आणि खात्याने सर्व्हर बदलला तर कळवायचे कोणी, हे मानकाने सुटत नाही. ते माणसांनी ठरवावे लागते.

त्याहून जवळचे उदाहरण सोसायट्यांचे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2022 मध्ये 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला 2,516 कोटी रुपयांची मंजुरी दिली. नाबार्डच्या देखरेखीखाली एकच सामायिक सॉफ्टवेअर, आणि ते जिल्हा व राज्य सहकारी बँकांशी जोडलेले. सहकाराची मुळे जिथे इतकी खोल आहेत त्या नगर जिल्ह्यात गावोगावी विकास सोसायटी आहे, आणि तिचे कर्ज जिल्हा बँकेतून येते. या योजनेत प्रोग्रॅम लिहिण्याचे काम एकदाच झाले, जागी नेण्याचे काम हजारो वेळा. प्रत्येक सोसायटीचा क्रमांक, तिची बँक शाखा, तिच्या सभासदांची मराठी नावे, तिचे जुने हिशेब. एका सोसायटीच्या मांडणीत दुसऱ्या सोसायटीचा शाखा क्रमांक राहिला तर सचिवाला ते पीककर्जाच्या वाटपाच्या वेळीच कळणार. तेव्हा शेतकरी खिडकीसमोर उभा असतो आणि पेरणी थांबत नसते. इतक्या संख्येत हाताने भरणे आणि डोळ्यांनी तपासणे टिकणार नाही. मूल्ये एका नोंदवहीतून आपोआप भरली गेली पाहिजेत आणि ती नोंदवही जिल्हा बँकेकडे असली पाहिजे.

आणि माझ्या दृष्टीने या सगळ्याचा कळीचा मुद्दा मालकीचा आहे. वर सांगितलेल्या प्रत्येक उत्पादनात मूल्ये बाहेर काढता येतात. तंत्र वीस वर्षांपूर्वीच पुरेसे होते. अडते ते ही मूल्ये संस्थेकडे नसल्यामुळे. ती असतात काम करणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याच्या लॅपटॉपवरच्या एक्सेल फाइलीत. अभियंता नोकरी बदलतो, करार संपतो, आणि डीआर केंद्र उभे करायची वेळ आली की संस्थेला आपल्याच प्रणालीचे पत्ते दुसऱ्याला विचारावे लागतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2023 मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्यासंबंधी जे निर्देश काढले, त्यात करार संपताना सुखरूप बाहेर पडण्याची योजना आधीच तयार ठेवायला सांगितले आहे. हे निर्देश प्रत्येक लहान संस्थेला लागू नाहीत, पण त्यांतला विचार लागू आहे. ज्या संस्थेकडे आपल्या बसची मूल्ये नाहीत, तिची ती योजना कागदावरच राहील.

नगरच्या बँका, पतसंस्था, कारखाने आणि महापालिकेच्या संगणक विभागांत काम करणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे. पुढच्या निविदेत आणि करारात स्पष्ट लिहा की पॅकेज सगळीकडे एकच असेल, प्रत्येक ठिकाणच्या मूल्यांची फाइल आणि पूर्वतपासणीचा प्रोग्रॅम संस्थेच्या ताब्यात दिला जाईल, आणि शेवटचे बिल निघण्याआधी संस्थेचाच कर्मचारी, कंपनीच्या कोणाचाही हात न लागता, रिकाम्या सर्व्हरवर ती बस उभी करून दाखवेल. ही चाचणी झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करू नका.